भाऊंचा रिकामा मिक्सर

कट्टा गावच्या बाजारात, एसटी थांब्यासमोरच्या माडीवर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. माणसं दोन, मी आणि माझे साहेब भाऊ; कॉम्प्युटर दोन आणि मिक्सर एक. मिक्सर कशाला, असं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. भाऊ कुणालाच सांगत नाहीत.

मला त्याचा उपयोग पहिल्याच दिवशी कळला. जीव ओतून केलेलं काम मी चालवून दाखवत होते, एवढ्यात भाऊ उठले, माझ्या कॉम्प्युटरचा प्लग खस्सकन उपटला, तिथे मिक्सरचा खोचला आणि रिकामं भांडं घर्रर्र फिरवलं. मग कॉम्प्युटर परत चालू करून म्हणाले, "बघ आता, काय काय ऱ्हवला ता!" काहीच राहिलं नव्हतं. "मिक्सर दाखवल्याशिवाय खरा-खोटा कळणा नाय, बाय."

भाऊ उभी हयात पुण्यात कॉम्प्युटरवर घालवून गावी परतलेले. नेटवर्कवर विसंबणाऱ्या सॉफ्टवेअरला ते 'घरजावई' म्हणतात.

तोंडवली गावच्या मासेमारी होड्यांसाठी आम्ही फोनवरचं ॲप केलं होतं. जाळं फाडणारे पाण्याखालचे खडक होडी हाकणाऱ्या तांडेलांनी त्यात मार्क करायचे. समुद्रात नेटवर्क कुठलं? म्हणून सगळं ॲपच्याच पोटातल्या डेटाबेसमध्ये राहायचं. तो डेटाबेस भाऊंनी स्वतः लिहिलेला, पुण्याच्या बिऱ्हाडात. जगभर चालतो तो फुकटातला तयार डेटाबेस घालूया, असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "घरात नारळ आसताना बाजारात कित्याक जांव?"

मग एका दुपारी जानू तांडेल फाटकं जाळं खांद्यावर टाकून जिना चढून आले. "भाऊनु, माजो खडक खंय गेलो? तुमच्या ॲपान खाल्ल्यान!" समुद्रात बॅटरी संपून फोन बंद पडला होता. परत चालू केला तर निम्मे मार्क गायब. "आज जाळा फाटला. उद्या होडी आपटली तर?"

चूक उघड होती. मिक्सरची परीक्षा आम्ही कॉम्प्युटरवर घेत होतो. फोनला बॅटरी, त्याचा प्लग उपटून काय होणार? म्हणून फोनची ती परीक्षा कधी घेतलीच नव्हती.

दुसऱ्या सकाळी भाऊ खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "माजो काढ. तुजो घाल."

मी लगेच तो तयार डेटाबेस घालायच्या कामाला लागले. भाऊंनी कणकवलीहून एक फोन शोधून आणला. बॅटरी पार मेलेली, वायर काढली की मान टाकणारा. असला फोन इतक्या आनंदाने कुणी घेतला नसेल. पहिल्या परीक्षेत माझा डेटाबेसही नापास झाला! मार्क पुरता लिहून व्हायच्या आधीच आमचं ॲप 'जपून ठेवलं' असं सांगून मोकळं होत होतं. भाऊंचा चेहरा असा खुलला की मला रागच आला. पण चूक त्यांनीच शोधली आणि निस्तरलीही त्यांनीच.

शेवटची परीक्षा जानू तांडेलांसमोर. ते खडक मार्क करत बसले, भाऊंनी मध्येच वायर उपटली. घर्रर्र! फोन परत चालू केला. कासवाचा म्हणतात तो खडक होता. त्याच्या शेजारचा होता. झाडून सगळे होते. "इलो रे माजो खडक!" तांडेल असे ओरडले की थांब्यावरची माणसं माना वर करून बघू लागली. भाऊंनी चक्क मिक्सरला नमस्कार केला. जिंकलो होतो आम्ही!

ॲप सगळ्या होड्यांवर गेलं. फोन विझत राहिले, खडक जागच्या जागी राहिले. एके दिवशी जानू तांडेल खुशीने एक सुरमई देऊन गेले.

त्याच दुपारी मी काम करत असताना माझा कॉम्प्युटर अचानक बंद झाला. मिक्सर सुरू होता, पण आवाज वेगळा होता. भांड्यात ओलं खोबरं, मिरच्या, धणे. खानावळीचा डबा खाणाऱ्या भाऊंना सुरमईच्या कालवणाचं वाटप करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"पुण्याक आमच्या खोलयेत एकच प्लग होतो," भाऊ म्हणाले. "मी डेटाबेस लिवी, आणि ही येवन माजो प्लग काढी. म्हणायची, तुमचा मशीन थांबात, माजा वाटप थांबाचा नाय. तिच्याच भियान तो डेटाबेस इतको घट्ट केललंय."

वहिनींना मी पाहिलेलं नाही. भाऊ गावी आले ते त्या गेल्यावर, एकटेच. सोबत हा मिक्सर.

त्यांनी वाटप बोटावर घेऊन चाखलं. "तिचा ह्याच्याहून बारीक आसायचा." मग माझ्या काळ्या स्क्रीनकडे लक्ष गेलं तसे ओशाळले. "तुजा काय गेला नाय मा?"

मी प्लग लावला. कॉम्प्युटर चालू झाला.

"नाय, भाऊ," मी म्हटलं. "सगळा आसा."