रीटाची साफसफाई

जुन्या चित्रावरचे डाग काढण्यात माझा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसऱ्या कोणी सांगायची वाट बघत बसलो तर आयुष्य सरेल. आमचं छपाईचं दुकान आहे. मेरीमाता, बाळ येशू, शेवटचं भोजन, निरनिराळे संत, अशा जुन्या भक्तिचित्रांच्या मोठ्या प्रती आम्ही जाड सुती कागदावर छापून देतो. छपाई माझी, चौकटी बायकोच्या. घरात बरोबर याच्या उलट आहे, म्हणजे चौकटी माझ्याभोवती.

एका सकाळी एक निवृत्त नर्सबाई आल्या. पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून वहीएवढी एक तसबीर. काळ्या वेषातली एक नन, हातात क्रूस, नजर वर. ही संत रीटा, त्यांनी सांगितलं. आईच्या उशाशी साठ वर्षं आहे. आई रोज सकाळी तिच्याशी बोलते, तक्रारी करते, कधी कधी भांडतेही. पण आता आईच्या डोळ्यांना एवढंसं चित्र दिसत नाही.

"परवा म्हणाली, रीटा मला सोडून गेली. तेव्हापासून बोलणंच टाकलंय," नर्सबाई म्हणाल्या. "शनिवारी तिला नव्वद पूर्ण होतील. तोवर हे दाराएवढं करून द्याल?"

मला गलबलून आलं. आणि मला गलबलून आलं की मी कामात जास्त लक्ष घालतो, हीच माझी खोड आहे.

चित्र स्कॅन करून पडद्यावर मोठं केलं तर काय, डागांची जत्रा! माश्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथे बैठका घेतलेल्या. एकेक ठिपका टिपत बसलो. वरच्या कोपऱ्यातून तिरपे पाच-सहा ओरखडे उतरले होते, ते बुजवले. कपाळाच्या ऐन मध्यावर एक तांबडा डाग होता. तो काढायला दीड तास लागला, पण नंतर कपाळ असं दिसू लागलं की हात फिरवावा. आणि कहर म्हणजे डोक्यामागे कोणीतरी चहाचा कप ठेवला होता. बारीक, तपकिरी, अगदी गोल वळ. लोकांना कप ठेवायला घरात दुसरी जागा सापडत नाही का? तोही वळ पुसला.

बायकोने चौकट ठोकताना विचारलं, "हिच्या कपाळावर काही नव्हतं का?"

"घाण होती," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी तसबीर नेऊन आजींच्या पलंगासमोर टांगली. आजी उठल्या, काठी टेकत आल्या, नाक काचेला लागेपर्यंत जवळ गेल्या. मी कौतुक ऐकण्यासाठी चेहरा तयार ठेवला.

"हिला माझ्या खोलीत कोणी आणलं?" आजींनी विचारलं.

"आई, रीटा आहे ती," नर्सबाई म्हणाल्या.

"ह्या आमच्या शाळेच्या मोठ्या सिस्टर. मेल्या तेव्हा मी पेढा खाणार होते, पण पाप लागेल म्हणून राहिले." एवढं बोलून आजी पलंगावर बसल्या आणि त्यांनी पाठ फिरवली. खांदे हलताना दिसले. वाढदिवसाच्या दिवशी नव्वद वर्षांच्या बाईला रडवण्याचं काम मी पहिल्यांदाच केलं होतं.

नर्सबाईंनी तसबिरीकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "कपाळावरची जखम कुठे गेली?"

मग मला बाहेर नेऊन त्यांनी समजावलं. येशूच्या मुकुटातला काटा रीटाच्या कपाळात रुतला होता, ती जखम हीच तिची खूण. ओरखडे हे स्वर्गातून येणारे किरण होते. आणि कपाचा वळ ही प्रभावळ होती. आता मी आजवर छापलेल्या प्रभावळी ताटाएवढ्या, सोनेरी, ठसठशीत. केसाएवढी बारीक प्रभावळ कोणी काढत असेल हे मला काय माहीत! पण हे बोलण्याची ती वेळ नव्हती. संध्याकाळपर्यंत नवी आणतो म्हणालो आणि जवळजवळ पळालो.

दुकानात मूळ चित्र पुन्हा स्कॅन केलं, पण आता हात चालेना. कोणता ठिपका माशीचा आणि कोणता स्वर्गाचा? शेवटी बायकोने नर्सबाईंना फोन लावला, त्या पाठ फिरवून बसलेल्या आजींना विचारू लागल्या आणि आजी न बघता तिथूनच सांगू लागल्या.

"डाव्या खांद्यावर पिवळा डाग आहे," मी म्हणालो. "पवित्र आहे का?"

फोनमध्ये थोडी कुजबुज झाली. "नाही. आमच्या बाबांनी खोकल्याचं औषध सांडलं होतं."

"बाहीवर तीन ठिपके?"

"ती माशी. काढा."

"क्रूसाखाली लाल थेंब?"

"आई म्हणते, त्याला हात लावलात तर ती स्वतः दुकानात येईल."

अशी दोन तास वरात चालली. आजींना त्या चित्राचा कण अन् कण पाठ होता. मला मात्र माझ्याच हातांनी त्यातलं काय पुसलं ते आठवत नव्हतं. मनापासून लाज वाटली.

दिवेलागणीच्या आधी नवी तसबीर टांगली. आजी पुन्हा काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. बोट वर गेलं, चाचपडलं आणि कपाळावरच्या जखमेवर थांबलं.

"इतके दिवस कुठे होतीस?" त्या रीटाला म्हणाल्या, आणि लगेच गुडघेदुखीची तक्रार सुरू केली. नर्सबाई डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या. माझेही भरून आले होते, पण बायको बघत होती.

निघताना आम्ही दोघं पहिली तसबीर उचलू लागलो, तर आजींनी काठी आडवी केली.

"ती राहू द्या. त्या कोपऱ्यात लावा, तोंड भिंतीकडे करून. मला त्यांनी अख्खं चौथीचं वर्ष तसंच उभं केलं होतं."

लावली. माझ्या आयुष्यातलं सर्वांत स्वच्छ काम त्या घरात भिंतीकडे तोंड करून उभं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मागचा पुठ्ठा दिसतो आणि त्यावर आमच्या दुकानाचा शिक्का. बायको म्हणते, तेवढीच जाहिरात.