दोन नंबरच्या यंत्रावरचा हिरवा पुडा

“यंत्र विजेवर आणि तेलावर चालतं मावशी, कुरकुऱ्यांवर नाही,” असं म्हणत त्सेंग यू-हेंगनं दोन नंबरच्या यंत्रावरचा हिरवा पुडा उचलला आणि कचऱ्यात टाकला.

झाडलोट करणाऱ्या आ-मान मावशींचा पोछा जागच्या जागी थांबला. सिंचूतल्या त्या प्रयोगशाळेत प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर कुरकुऱ्यांचा पुडा असायचाच. त्यानं यंत्र शहाण्या पोरासारखं वागतं, अशी सगळ्यांची खात्री. पुडा हिरवाच हवा, तारीख उलटलेली नको, आणि खायचा तर मुळीच नाही.

“तारीख उलटली म्हणून काढलास ना? मग नवा ठेव.”

“एकावर आहे, दुसऱ्यावर नाही. बघू काय होतं ते. याला शास्त्र म्हणतात.”

“याला माज म्हणतात,” मावशी म्हणाल्या.

खरं तर माज करण्यासारखे दिवस नव्हते. एक नंबरच्या यंत्रात हाडं जोडायचा जुना टायटॅनियमचा स्क्रू होता, दोन नंबरच्यात नवा, हाडातच हळूहळू विरघळणारा. दोघांनाही सेकंदाला एक टोला, असे दहा लाख टोले. म्हणजे बारा दिवस. दोन्ही स्क्रू टिकले, तर ताइनानच्या इस्पितळातल्या डॉक्टर पान अहवाल न्यायला स्वतः येणार होत्या. नंतर त्या निम्म्या रोग्यांना जुना आणि निम्म्यांना नवा स्क्रू घालून कोण आधी चालतंय ते बघणार होत्या. चाचणी रखडली, तर काम ताइचुंगच्या प्रयोगशाळेकडे जाणार होतं. आणि डॉक्टर पानही.

वसंतात त्या तीन दिवस आल्या होत्या. या यंत्रांमधल्या स्टुलावर बसून त्यांनी चहात उकडलेली अंडी खाल्ली होती, आणि जाताना निळी छत्री विसरल्या होत्या. त्याला सात महिने झाले. यू-हेंग दर महिन्याला ती छत्री उघडून उन्हात ठेवायचा.

“कोरडी छत्री वाळत घालणारा तूच पहिला बघितला,” असं मावशी दर महिन्याला म्हणायच्या.

चौथ्या दिवशी दोन नंबरचं यंत्र थांबलं. स्क्रू धडधाकट होता, तेल होतं, वीजही होती. मावशींनी फक्त पोछा पिळला, पण असा पिळला की यू-हेंगला सगळं ऐकू आलं.

नवा स्क्रू, पुन्हा शून्यापासून. यू-हेंग गुपचूप दुकानात गेला. हिरवे पुडे संपले होते. त्यानं पिवळा आणून ठेवला. दुसऱ्याच दिवशी यंत्राचा पिवळा दिवा लागला आणि यंत्र थांबलं.

“सिग्नल कधी बघितलायस का रे?” मावशींना राहवलं नाही. “पिवळ्याला गाडी चालते होय?”

शेवटी सिंचूच्या त्या वाऱ्यात स्कूटर वाकडी-तिकडी चालवत त्यानं चार गावं पालथी घातली आणि एका देवळाशेजारी हिरवा पुडा मिळवला. यंत्र बारा दिवस एकदाही कुरकुरलं नाही. दहा लाख पूर्ण! यू-हेंगनं अहवाल लिहिला. माणूस प्रामाणिक, त्यामुळे शेऱ्यात तेही लिहिलं: यंत्र एक, हिरवा पुडा. यंत्र दोन, आधी पुडा नाही, मग पिवळा, मग हिरवा.

मसुदा पाठवल्यावर तासाभरात डॉक्टर पान यांचा फोन आला.

“त्सेंगसाहेब, हे काय?”

“डॉक्टर, ते… नोंद असावी म्हणून.”

“एका रोग्याला गोळी दिली आणि दुसऱ्याला गोळी अधिक नवस, तर तुलना कशाची करायची? दोघांना सगळं सारखं हवं! आमच्या अतिदक्षता विभागातसुद्धा सगळ्या यंत्रांवर एकाच तारखेचे पुडे असतात.”

“मग ताइचुंगला…?”

“ताइचुंगला कशाला? पुन्हा करा. दोन्हीकडे हिरवा. आणि शेवटच्या दिवशी मी स्वतः येऊन बसते. तुमचा काही भरवसा नाही.”

फोन ठेवून यू-हेंग छत्रीकडे बघत बसला. इतक्या आनंदानं कुणाची चाचणी फुकट गेली नसेल.

बाराव्या दिवशी दुपारी डॉक्टर पान आल्या. त्याच स्टुलावर बसल्या. टोले पडत होते, तासभर उरला होता. यू-हेंगनं छत्री पुढे केली.

“अय्या, ही इथं होती? मी गाडीत शोधली!”

“वाळवून ठेवलीय.”

“त्या दिवशी पाऊस कुठं होता?”

“नव्हता.”

हाताला काही चाळा हवा म्हणून यू-हेंगनं बाजूला हात लांबवला, जे लागलं ते फोडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनीही न बघताच मूठभर घेतलं.

“खरं सांगू?” त्या म्हणाल्या, “अहवाल टपालानंही मागवता आला असता.”

“मग मागवला का नाही?”

“छत्री राहिली होती ना,” त्या म्हणाल्या आणि आणखी मूठभर घेतलं. “म्हणजे, तुमच्याकडेच राहिली असेल, असं वाटत होतं.”

“गाडीत शोधली म्हणालात ना?”

“शोधली. पण मन लावून नाही.”

असा अर्धा तास त्यांचं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात मावशी बादली घेऊन दारात आल्या आणि तिथंच थबकल्या.

“यू-हेंग,” त्या हळूच म्हणाल्या, “काय खाताय रे तुम्ही दोघं?”

दोघांनी हातातल्या पुड्याकडे बघितलं. पुडा हिरवा होता आणि तळाशी फक्त चुरा उरला होता.

दोन नंबरचं यंत्र नऊ लाख अठ्ठ्याण्णव हजार चारशे बाराव्या टोल्याला बंद पडलं.