ऑम्लेट, इयत्ता पहिली

शाळेकडून परिपत्रक आलं. 'घर हीच पाकशाळा' या उपक्रमांतर्गत पहिलीतल्या प्रत्येक पाल्याने कुटुंबीयांच्या सान्निध्यात एक पदार्थ स्वहस्ते बनवावा व त्याची चित्रफीत रविवारी सायंकाळी पाचपर्यंत सादर करावी. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आमची ठमी लगेच म्हणाली, "मी अंडं फोडणार." गेलं वर्षभर ती ओट्याशी येऊन हेच मागत होती आणि गेलं वर्षभर आम्ही तिला उचलून बाहेर नेऊन ठेवत होतो. आता खुद्द शाळेचाच आदेश आल्याने आमचा नाइलाज झाला.

मी परवाना खात्यात आहे. विनापरवाना काही फुटलेलं मला खपत नाही. शनिवारी रीतसर बैठक बोलावली. गॅस, सुरी, तवा आणि तेल या बाबी वयास अयोग्य ठरल्या. मग अंड्याचा विषय निघाला.

"कवच लागतं गं बोटाला," आई म्हणाली.

"आणि सांडलं तर ओटा कोण पुसणार?" बायकोने विचारलं.

अंडंही एकमताने बाद झालं.

"मग मी काय करू?" ठमीने विचारलं.

"तू ऑम्लेट करायचंस," मी समजावलं.

पण परिपत्रकात एक मेख होती. 'पाल्याचे हात स्पष्ट दिसावेत.' त्यावर मीच तोडगा काढला. माझी धाकटी बहीण दातांची डॉक्टर आहे. तिचे हात लहान आहेत आणि स्वच्छही असतात. ठमीला ॲप्रन घालून स्टुलावर उभं केलं, तिचे हात पाठीमागे घ्यायला लावले, आणि तिच्यामागे दडून बहिणीने आपले हात पुढे काढले. बहिणीने एका हाताने टिचकन अंडं फोडलं.

बायकोने कपाळाला हात लावला. "सहा वर्षांची पोर असं फोडते का? जरा वेंधळेपणाने फोडा ना, वन्सं."

वेंधळेपणा शिकायला बहिणीला अकरा अंडी लागली. दरम्यान ठमी दोनदा म्हणाली, "आत्या, मला येतं तसं. मी फोडू?"

"हलू नकोस, राणी. माझं डोकं दिसतंय."

बाराव्या अंड्याचं कवच अगदी निरागसपणे भांड्यात पडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि चित्रीकरण बघायला सगळे बाहेरच्या खोलीत जमलो.

"फोडलं," आतून आवाज आला.

आम्ही धावलो. ठमी स्टुलावर उभी होती. वाटीत पिवळाजर्द अखंड बलक होता आणि कवचाचा कणही नव्हता. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"कोणाला विचारून?" मी म्हणालो.

"आणि कॅमेराही बंद," बायको हळहळली. तिने वाटी विसळून टाकली. ठमी रडू लागली. तो आवाज पाठवायच्या व्हिडिओत थोडाच येणार होता, त्यामुळे आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही.

ठमीला पहिलं बक्षीस मिळालं. व्हिडिओ सर्वदूर पोचला. आता ती ओट्याकडे फिरकत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरात कमालीची शांतता असते.

हसू नका. तो व्हिडिओ तुम्हालाही आला होता. तुम्ही तो कौतुकाने दोनदा पाहिलात, आणि काकडी सोलायला बसलेल्या आपल्या लेकराला हाक मारलीत, "ठेव ते खाली, हात धू आणि इकडे ये. बघ, तुझ्याएवढी मुलं घरात किती काम करतात."