तेजलच्या रिटेनरचा छडा

ज्योतीराम बोराटे यांची नजर घारीची आहे, असं अख्ख्या मोशीत एकच माणूस म्हणत असे, आणि त्या माणसाचं नाव ज्योतीराम बोराटे. चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. दिवसाला बाराशे सुटे भाग तपासून उरलेल्या वेळात ते माणसं तपासत. अठरा वर्षांत त्यांनी अकरा प्रकरणं हाती घेतली होती, आणि अकराही जणांनी नंतर त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं.

बारावं प्रकरण घरातच निघालं. मुलगी तेजल हिच्या दातांच्या तारा दोन वर्षांनी निघाल्या होत्या. सरळ झालेले दात जागेवर राहावेत म्हणून डॉक्टरांनी रिटेनर दिला होता, म्हणजे रोज झोपताना दातांवर चढवायचा पारदर्शक साचा. तो रविवारपासून गायब होता, आणि आज गुरुवार.

"पप्पा, तो घातला नाही की दात परत जुन्या जागी सरकतात," तेजल रडवेली होऊन म्हणाली. "मला पुन्हा तारा नाही लावायच्या."

ज्योतीरामांनी खिशातून वही काढली.

पहिला संशय डॉ. सुप्रिया यांच्यावर. नवा साचा खपवायचा डाव असणार. खरं तर ही डॉक्टर ज्योतीरामांनीच शोधली होती, रस्त्यावरच्या सात दवाखान्यांबाहेरच्या चपला मोजून. सर्वांत जास्त चपला निघाल्या तो दवाखाना त्यांनी पक्का केला. चपला वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या क्लासच्या होत्या. डॉक्टरीणबाई चांगल्या निघाल्या हे तेजलचं नशीब. त्या बोराट्यांच्या घरी कधी आल्याच नव्हत्या, हे मात्र वहीचं पान भरल्यावर लक्षात आलं.

दुसरा संशय शेजारच्या भिवावर. त्याचे दात अचानक चमकायला लागले होते, आणि दात पांढरे करायचं औषध अशाच साच्यात भरून लावतात, हे ज्योतीरामांनी मोबाइलवर वाचलं होतं.

"राव, माझ्या जबड्यात तुमच्या पोरीचा साचा बसंल का?" भिवा म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी आधी दात साफ केले, तंबाखूचा थर काढला, मग औषध लावून पांढरे केले. ही पुढची कॅप तेवढी पिवळी ऱ्हायली. कॅपला औषध लागू होत न्हाई म्हनं."

ज्योतीरामांनी वाकून कॅप पाहिली. निर्दोष, पण पिवळी, अशी नोंद केली.

राहिली आई, मिश्रीने दात घासणारी ठकुबाई.

"आई, तुझी मिश्रीची डबी दाखव."

"तीच घावंना चार दिस झालं. आन मला साचा कशाला रं? चार दात ऱ्हायलेत, चार दिशेला त्वांडं करून."

म्हातारी डबी शोधायला पुन्हा उठली. दहा मिनिटांनी ती जिन्याखालून एक लाल खोकं ओढत आली. त्यात तिची डबी होती, आणि तेजलचा रिटेनरही.

झालं होतं असं. कंपनीत ज्या वस्तूवर नाव-नंबर नाही, ती लाल खोक्यात जाते आणि आठवड्याने भंगारात. त्याच शिस्तीच्या भरात ज्योतीरामांनी रविवारी घर आवरलं होतं. बेसिनजवळ सापडलेल्या साच्याला त्यांनी चिठ्ठी बांधली होती: 'वेडंवाकडं प्लॅस्टिक. ड्रॉइंगशी जुळत नाही. रिजेक्ट.'

"ही सही कुनाची?" ठकुबाईने विचारलं.

ज्योतीरामांनी चष्मा लावून सही दोनदा तपासली. अस्सल होती.

तेजलने रिटेनर धुऊन दातांवर चढवला. तो निम्म्यावरच अडला. ज्योतीरामांनी गाडीची किल्ली उचलली.

डॉ. सुप्रियांनी अंगठ्याने हळूहळू दाबत तो बसवला. "आणखी आठवडा गेला असता तर पुन्हा तारा होत्या. आता महिनाभर दिवसरात्र घाल. हरवला कसा?"

"माझ्याकडूनच हरवला," तेजल चटकन म्हणाली.

पोरीला आपल्यासाठी खोटं बोलावं लागलं याची ज्योतीरामांना फार लाज वाटली. त्यांनी वही मिटली.

"डॉक्टर, मीच टाकला होता. रिजेक्ट म्हणून."

तेजल डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. अठरा वर्षांत आरोपीने कबुली दिल्याचं ते पहिलंच प्रकरण होतं.