लोटननानांच्या जपानी लेकी

लोटननाना आमच्या घरी पाणी पीत नाहीत.

चाळीसगावचा मे महिना, धुळ्याहून एसटीनं उभ्यानं आलेला माणूस, शर्ट पाठीला चिकटलेला आणि समोर माठातल्या गार पाण्याचं भांडं. नाना भांड्याकडे बघतात, घसा खाकरतात, हात जोडतात आणि म्हणतात, "नको. लेकीच्या घरचं आहे."

लेक म्हणजे आमची मोटार. काही वर्षांपूर्वीपर्यंत ज्या जपानी कंपनीची शोरूम जळगावला होती, तिथे नाना विक्रीला होते. त्यांनी जळगाव-धुळे मिळून तेवीस गाड्या विकल्या. 'विकल्या' हा माझा शब्द. नाना 'दिल्या' म्हणतात.

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही जुनी रीत; पण माझ्या आईला हे अजिबात पटलं नव्हतं. पहिल्याच वेळी तिनं नानांना धारेवर धरलं. "नाना, जुनी रीत मालेबी ठाऊक शे. लेकले पोऱ्या व्हयना का बाप तिना घरनं पानी पेस. आते मोटारले पोऱ्या कव्हय व्हई?"

"म्हनीसन त पेत नही," नाना म्हणाले. आईनं भांडं उचलून आत नेलं.

मी चाळीसगावात चष्म्याचं दुकान चालवतो. माणसाला जवळचं दिसत नाही की लांबचं, हे मी खुर्चीत बसवून पाच मिनिटांत सांगतो. नानांचा नंबर मात्र मला बरीच वर्षं काढता आला नाही. सुरुवातीला वाटलं, धंद्याची युक्ती आहे. मग वाटलं, थोडं वेड आहे. मी दोन्ही वेळा चुकलो, आणि ते कबूल करायलाच हे लिहितोय.

कंपनीचं नाव मी इथे देणार नाही. दिलं तर नाना पुढच्या एसटीनं येऊन विचारतील, "पोरीची बदनामी छापायची काय गरज होती?"

आम्ही गाडी घ्यायला गेलो तेव्हा नानांनी आम्हाला गाडीत बसवलंच नाही. म्हणाले, "आधी घर दाखवा." मला वाटलं, कर्जाच्या कागदांसाठी पत्ता तपासत असतील. रविवारी नाना स्वतः आले. अंगणात उभे राहून आधी सूर्य कुठून कुठे जातो ते पाहिलं. मग फाटकाचा उतार पावलांनी मोजला. शेवटी शेवग्याच्या झाडाकडे बोट करून विचारलं, "हे कोणाचं?"

"आमचंच."

"याच्याखाली उभी करणार नसाल तर पुढे बोलू. शेंगा पडतात, चीक पडतो."

पत्नीनं हसू दाबलं. मी चिडलो. पैसे आम्ही मोजणार आणि परीक्षाही आमचीच! पण शेवग्याची फांदी त्याच आठवड्यात छाटली, हेही खरं. पुढे कळलं की पारोळ्याच्या एका गिऱ्हाईकाला नानांनी चक्क नाही म्हटलं होतं. गाडी जिथे उभी राहणार तिथे कोंबड्यांचं खुराडं होतं. मॅनेजर ओरडला, तर नाना म्हणाले, "साहेब, तुम्ही तुमची लेक दिली असती का तिथे?"

मुलगी देताना घराण्याची माहिती द्यावी तसे नाना कंपनीचा इतिहास सांगत. जपानात कुठल्याशा गावी एक माणूस भाताच्या शेतांसाठी पाण्याचे पंप बनवायचा. लढाईत त्याचा कारखाना जळला. मग त्याच्या विधवेनं भंगारातून पुन्हा पंप उभे केले. पंपांवरून मालाच्या तीनचाकी निघाल्या, तीनचाकींवरून मोटारी. "पंपवाल्यांचं घराणं आहे," नाना शेवटी म्हणत, "शेतकऱ्याची नड कळते त्यांना." पुढल्या खेपेला त्या विधवेची बहीण झाली होती आणि त्याच्या पुढल्या खेपेला सून. मी हे लक्षात आणून दिलं, तर नाना म्हणाले, "बाईनं उभं केलं, एवढं खरं. नातं तुम्ही तुमच्या सोयीनं लावा."

आता या पंपवाल्या घराण्याच्या गाडीचं काय दुखावं? पंप! इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप दर दीड-दोन वर्षांनी गळायचा. बाकी गाडी गुणी होती. चढावर तक्रार नाही, तेल बेतानं प्यायची, एसी असा की मे महिन्यात आई मागे शाल घेऊन बसायची. पण पंप गळला की तिथेच बसकण. एकदा कन्नडच्या घाटात बसली. मी संतापून नानांना फोन केला, नको नको ते बोललो. नाना शांतपणे एवढंच म्हणाले, "तिला सावलीत घ्या. तुम्हीपण बसा." साडेतीन तासांनी दोन एसट्या बदलून ते घाटात उतरले. काखेत टॉवेलात गुंडाळलेला नवा पंप. आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवून तिच्याशी बोलले, "काय व्हयनं वं माय? दमनी का?" माझ्याशी ते शोरूमची मराठी बोलत. तिच्याशी अहिराणी.

सगळ्या मालकांचा अनुभव काही सारखा नव्हता. फैजपूरचा एक केळीवाला तर गाडीची आरती करायचाच बाकी होता. तिच्यात त्यानं केळीचे घड वाहिले, खतं वाहिली, एकदा आजारी वासरूही वाहिलं आणि ती कधी अडली नाही. उलट धुळ्याचे एक वकील म्हणत, "ही गाडी मी कोर्टात उभी करीन." त्यांच्या गाडीचा हॉर्न डावीकडे वळताना आपोआप वाजे, आणि कोर्टाचं फाटक नेमकं डावीकडेच होतं. नाना वकिलांसमोर लेकीच्या सासरी उभं राहावं तसे हात जोडून उभे राहत. सगळं ऐकून घेत. मग विचारत, "हे झालं चुकलेलं. आता तिचं एखादं बरं सांगा." वकील नाइलाजानं म्हणत, "सीट चांगली आहे. पाठ दुखायची थांबली." नाना समाधानानं निघत. चहा अर्थातच घेत नसत.

नानांच्या हट्टाचं मूळ एका दुपारात होतं. शोरूम सुरू झाली त्या वर्षी जपानहून एक साहेब जळगावला आले होते. त्यांना वांग्याचं भरीत खाऊ घातलं गेलं, हिरव्या मिरचीचा ठेचा सढळ हातानं. साहेबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ते आपल्या लोकांना भेटून हेलावले, अशी नानांनी समजूत करून घेतली. मग धीर करून दुभाष्याला म्हणाले, "यांना विचारा, पुढची वीस वर्षं पार्ट मिळतील ना?" दुभाष्यानं विचारलं. साहेब उठले, दोन्ही हात मांड्यांना लावले आणि कमरेत वाकले. वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

"एवढं तर माणूस देवापुढेही वाकत नाही," नाना सांगत. "झालं! शब्द मिळाला."

तोच शब्द नानांनी तेवीस घरांत दिला. वीस वर्षं काळजी नाही, लोटन पाटलाची जबान आहे.

आणि मग कंपनीनं भारतातला पसारा आवरला. शोरूमची पाटी उतरली. तिथली बाकी पोरं रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या शोरूममध्ये गेली. आठवड्याच्या आत त्यांचेच फोन आम्हाला आले, "ती जपानी काढून टाका दादा, बेकार गाडी आहे." नानांनाही तिथे बोलावणं होतं. ते गेले नाहीत. धुळ्याला परत येऊन ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात कामाला लागले.

त्या काळात मी एकदा त्यांना जरा तोडूनच म्हटलं, "नाना, माझा भाचा जपानी शिकतो. तो सांगतो, ते लोक नाही म्हणायचं असेल तरीही वाकतात."

नाना खिडकीबाहेर आमच्या गाडीकडे बघत राहिले. "असेल," ते म्हणाले. "पण मी हो समजलो. आणि लोकांना तेच सांगितलं. साहेब गेले असतील, मी आहे ना!"

तेव्हापासून नानांचा एकच निश्चय. तेवीसपैकी एकही गाडी आपल्या हयातीत भंगारात जाऊ द्यायची नाही. आमचा पंप चौथ्यांदा गेला आणि नवा कुठेच मिळेना. मी म्हटलं, आता पुरे. नाना म्हणाले, "पंधरा दिवस द्या." जुना पंप पिशवीत घालून ते नरडाण्याला गेले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा एक कारागीर त्यांनी गाठला. पहिला पंप जाड झाला, दुसरा डुगडुगला, तिसरा बसलाच नाही. नाना दर सुटीला धुळ्याहून नरडाण्याला जात, पंप पाण्याच्या बादलीत फिरवून बघत आणि पुन्हा करायला लावत. सहाव्या खेपेला पितळेचा असा पंप बनला की जपानी घराण्यानंही बघत राहावं. पंधरा दिवसांचे तीन महिने झाले होते, पण पंप एक थेंब गळला नाही.

आता आखाजीचं सांगतो. अक्षय्य तृतीया आमच्या खानदेशात आखाजी म्हणून येते आणि लेकी माहेरी आणते. गल्लोगल्ली झोके बांधतात, गाणी म्हणतात. नानांचे आठ दिवस आधी सगळ्या मालकांना फोन जात, "आखाजीला पोरीला माहेरी घेऊन या." धुळ्याला देवपूरमध्ये त्यांचं छोटं घर, पण अंगण ऐसपैस. अंगणात ते रांगोळीनं गाड्यांसाठी चौकोन आखत. गाडी आली की हळदकुंकू, मग धुणं, तेलपाणी, टायरमधली हवा. तोवर आम्ही माणसं नानांच्या पत्नीनं, अक्कांनी, खापरावर केलेले पुरणाचे मांडे आणि आमरस खात असू. निंबाला झोका असे, त्यावर आमची मुलगी आणि केळीवाल्याच्या लेकी. पहिल्या वर्षी नऊ गाड्या होत्या. मग कोणी विकली, कोणी बदलली, वकिलांनी तर वाजतगाजतच काढली. गेल्या वर्षी तीन आल्या.

गेल्याच वर्षीची गोष्ट. परतताना शिरूडच्या पुढे आल्यावर पत्नी म्हणाली, "आज अक्का स्वयंपाकघरात काय बोलल्या, माहिती आहे?"

अक्का मांडा खापरावर टाकता टाकता सहज बोलून गेल्या होत्या. "आमले ना पोऱ्या, ना पोर. भाऊ गयात, मन्हं माहेरबी सरनं. आखाजीले गल्लीम्हा बठ्ठास्न्या पोरी येतस अन् मी दार लाईसन बठू. ते यास्ले देखायनं नही. मंग ह्या गाड्या बलावाले लागनात."

मी गाडी बाजूला घेतली. इतकी वर्षं मी नानांच्या हट्टावर विनोद करत होतो, दुकानात गिऱ्हाइकांना किस्से सांगून हसवत होतो. नाना काही गाड्या वाचवत नव्हते. लेक नाही, माहेर नाही म्हणून दार लावून बसणाऱ्या बायकोच्या दारात वर्षातल्या एका दिवशी चार माणसं यावीत, म्हणून ते पंप घेऊन घाटात येत होते. मला स्वतःची लाज वाटली.

आणि यंदा आमची गाडीच गेली. पंप ठणठणीत होता, पण पासिंगला नेली तेव्हा तपासणाऱ्यानं खाली वाकून तळाच्या पत्र्याला बोट लावलं आणि बोट आत गेलं. गंजून पापड झाला होता. तीन ठिकाणी दाखवून आलो, सगळ्यांनी मान हलवली. शेवटी भंगारात दिली. नानांना सांगायला फोन उचलायचो आणि खाली ठेवायचो. त्यांच्या निश्चयाला मीच सुरुंग लावला होता. आखाजीच्या आठ दिवस आधी नेहमीसारखा त्यांचा फोन आला, "पोरीला घेऊन या." मी "हो" म्हणालो आणि फोन ठेवून दिला.

"आता काय तोंडानं जायचं?" मी पत्नीला म्हणालो.

"त्याच तोंडानं. एसटी आहे की."

आखाजीच्या दिवशी आम्ही तिघं देवपूरला उतरून चालत गेलो. नाना फाटकात उभे होते, स्वच्छ धोतर, हातात हळदकुंकवाचं ताट. मागे अंगणात रांगोळीचे तीन चौकोन. त्यातल्या एकात केळीवाल्याची गाडी. दुसरा मालक येणार नाही म्हणून सकाळीच कळवून मोकळा झाला होता. नानांनी आम्हाला पाहिलं आणि मग आमच्या मागे रस्त्यावर पाहिलं. टाचा उंचावून वळणापर्यंत पाहिलं.

"लांब उभी केली का?"

"नाही नाना. गेली ती. तळ सडला होता."

"पंप?"

"पंप शेवटपर्यंत थेंबभर गळला नाही."

त्यांनी मान हलवली. ताट जरा खाली आलं. दुःख झालं होतं, पण चेहऱ्यावर त्याहून जास्त गोंधळ होता. शोरूमची मराठी कुठल्या कुठे गेली.

"मंग तुम्ही कसाले उनात?"

त्यात राग नव्हता की टोमणा. माणूस खरोखर विचारत होता. गाडी नसताना त्यांच्या दारी कोणी का यावं, हे त्यांना कळत नव्हतं.

पत्नी म्हणाली, "आखाजी आहे ना, नाना. अक्कांकडे आलोय."

आमची मुलगी तोवर त्यांच्या बगलेखालून निसटून झोक्यावर जाऊन बसली होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं. मग ते वळले आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात स्वयंपाकघराकडे ओरडले,

"अव, बाहेर ये लवकर! बिगरगाडीना मानसे उनात!"