याकोबरावांची नम्रता

नवा कोट शिवून झाला, की याकोबराव शिंप्याला त्यावर दोन ठिगळं लावायला सांगत. एक कोपरावर, एक खिशाखाली. कोटाचं कापड भारी, आत रेशमी अस्तर, आणि वर हे ठिगळ. पहिल्या वेळी शिंपी रडकुंडीला आला होता. "शेठ, फाटलंच नाई, त ठिगळ कशाले लावू?" यावर याकोबरावांनी स्वतः कात्री घेतली, कोपराला भोक पाडलं आणि म्हणाले, "आता लाव. आन् टाका जरा मोठा घाल, दुरून दिसला पायजे."

अकोल्यात एवढी मोठी कापसाची जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, चालवणारा माणूस असा का फिरतो, हे बाजारातल्या लोकांना कळत नसे. आम्हा चर्चच्या मंडळीतल्या लोकांना चांगलं कळत होतं. याकोबराव नम्र होते. आणि आपल्याइतका नम्र ख्रिस्ती माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

मी मूळचा नगरकडचा. मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि इथलाच झालो. पहिल्याच रविवारी मी नवखा म्हणून चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसलो, तर खांद्यावर पंजा पडला. "मास्तर, उठा. हे जागा माई हाय."

मी म्हटलं, "पुढे सगळे बाक रिकामे आहेत."

"मंग पुढं तुमी बसा ना. शेवटचा बाक दीनाचा असते." आणि दंडाला धरून त्यांनी मला पुढे नेऊन बसवलं. पुढे कळलं, की त्या बाकावरून त्यांचं एका म्हाताऱ्या गाडीवानाशीही वाजलं होतं. गाडीवानाला खोकल्याची ढास लागे, म्हणून तो दाराजवळ बसे. याकोबरावांनी पंचांकडे तक्रार नेली, की हा माणूस मुद्दाम माझ्यापेक्षा खाली बसायला बघतो!

आता यावर हसणं सोपं आहे. मीही पोट धरून हसलोय. पण हे ढोंग नव्हतं, एवढं मला सांगितलंच पाहिजे. माणूस आतून भ्यालेला होता. एका रविवारी पाळकसाहेबांनी उंटाच्या आणि सुईच्या वचनावर उपदेश केला. उंट एक वेळ सुईच्या नेढ्यातून जाईल, पण श्रीमंताचं स्वर्गात शिरणं त्याहून अवघड, असं सांगितलं. प्रार्थना संपते न संपते तोच याकोबराव त्यांच्यापुढे उभे. "पाळकसाहेब, ते सुई कोनती? शिंप्याची, का बारदान शिवाची दाभन?"

"फरक काय पडतो, याकोबराव?"

"अजी, फरक कसा नाई? दाभनीचं भोक पायलं का तुमी?" दुसऱ्या दिवशी ते खरोखरच जिनमधून एक दाभण घेऊन आले. पाळकसाहेबांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि मान हलवली. आम्ही तोंडावर रुमाल धरले. याकोबराव मात्र दाभण परत खिशात ठेवताना हळूच म्हणाले, "उंटाचं काय बाप्पा, जनावर ते. नाई गेला त नाई गेला. मी कुठी जाऊ?" तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

या माणसाला जगात एकच माणूस जुमानत नसे. त्यांची थोरली बहीण मार्थाबाई. ती माझ्या खोलीला लागून, मिशनच्या आवारातच राहायची आणि मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायची. मोठ्या दुष्काळात आईबाप गेले, तेव्हा तिनेच या भावाला पाठुंगळी घेऊन मिशनच्या दारात आणलं होतं. भाऊ शेठ झाला, बंगला बांधला, "बाई, चाल माया घरी" म्हणून कितीदा बोलावणी केली. ती म्हणे, "तुया घरी मले कोनी भांडी घासू देत नाई. बसून बसून मी मरीन." थोरल्या बहिणीला ते 'बाई' म्हणत, आणि ती बोलायला लागली की हा कापूसबाजार हलवणारा माणूस जमिनीकडे पाहत उभा राही.

तिला हे ठिगळाचं प्रकरण अजिबात पटत नसे. एकदा माझ्यासमोरच तिने भावाला सुनावलं, "पैसा सोडता येते रे. पन 'म्या सोडला' हे कसं सोडशीन?" याकोबरावांनी ते वाक्य पाठ केलं आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून आपल्या श्रद्धेची साक्ष देताना स्वतःचं म्हणून सांगितलं.

मग विहिरीचं झालं. याकोबरावांनी आवारात पक्की विहीर बांधून दिली. कठड्यात संगमरवरी दगड बसवला, त्यावर कोरलं, 'एका दीन दासाकडून. नाव सांगण्याची इच्छा नाही.' अर्पणाच्या दिवशी सगळी मंडळी जमली, साहेबलोक आले, मडमसाहेब आल्या. आणि याकोबराव सकाळपासून त्या दगडाला खेटून उभे. कोणी विचारलं, "ही विहीर कोणी बांधली हो?" की ते खाली मान घालून म्हणत, "ते नका विचारू."

मार्थाबाई घागर घेऊन आली. दगडाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काहून रे, त्या दगडाले बोलता येत नाई म्हनून तू उभा रायला का?"

अहाहा, काय हशा झाला! पाळकसाहेब हसले, मडमसाहेबांना कोणीतरी अर्थ सांगितला तशा त्याही हसल्या. याकोबराव हसले नाहीत. ते टांग्यात बसले आणि निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं.

बोलणं टाकलं, पण क्षमा करणं चालू होतं! दर रविवारी ते शेवटच्या बाकावरून उठत आणि साक्ष देत, "एका जवळच्या मानसानं माया भर मंडळीत अपमान केला. म्या त्याले मनापासून क्षमा केली हाय." जवळचं माणूस चौथ्या बाकावर बसलेलं असे. मार्थाबाई बरेच दिवस ऐकून घेत राहिली. शेवटी एकदा उभी राहिली आणि मागे वळून म्हणाली, "घरी येऊन सांग. चूल पेटलेली असते माई." आणि चालती झाली. याकोबराव गेले नाहीत. आपण क्षमा करणारे, आपण कसं जायचं, अशी त्यांची समजूत. असे कितीतरी उन्हाळे गेले.

मग एका वैशाखात मार्थाबाई तापाने पडली. छातीत कफ दाटला, श्वास घेता येईना. मिशनच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता आशा धरू नका, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा.

तिला एकच माणूस हवा होता. ती तसं म्हणत नसे. पण आवारात गाडी वाजली, की डोळे उघडायची आणि विचारायची, "कोन आलं?"

मी याकोबरावांना कळवलं. गाडी आली, पण तिच्यातून याकोबराव आले नाहीत. अमरावतीहून बोलावलेले डॉक्टर आले. मग संत्र्यांची करंडी आली. मग भुशात गुंडाळलेला बर्फ आला. मार्थाबाईने करंडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "संत्र्याले तोंड आहे का, मास्तर? बोर्डिंगातल्या पोरींना वाटून द्या. त्याले म्हना, हात हलवत ये."

माझं डोकं फिरलं. मी तडक बंगल्यावर गेलो आणि त्यांच्या ओसरीतच ओरडलो, "अहो, बहीण मरतेय तुमची! संत्री काय पाठवता?"

याकोबराव मटकन खाली बसले. मग म्हणाले, "मायं चुकलं, मास्तर. क्षमा मले मांगाची होती. म्या देत बसलो." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं साधं वाक्य. मला वाटलं, झालं, सुटलो. "चला मग," मी म्हटलं, "टांगा उभा आहे."

"टांग्यानं? नाई नाई. टांग्यानं कसा येऊ?" त्यांचे डोळे एकदम चमकले. "पवित्र शास्त्रात माफी मांगाले कसे जात होते लोकं? गोनपाट नेसून, डोक्यावर राख घेऊन. म्या अनवानी येतो. उद्या सकाळी येतो."

मी हात जोडले, शिव्या घातल्या. ऐकेनात. सकाळी पुन्हा गेलो, तर ओसरीत तोच शिंपी मशीन घेऊन बसलेला, आणि पुढ्यात कापसाच्या गाठींना लावायचं बारदान. क्षमा मागायचा अंगरखा बेतला जात होता! जिनचा शिक्का नेमका छातीवर येत होता, म्हणून उसवून पुन्हा शिवणं सुरू होतं.

"अहो, आहात तसे चला!" मी किंचाळलो.

याकोबराव कळवळून म्हणाले, "मास्तर, जिंदगीत एक डाव झुकून रायलो. नीट त झुकू द्या." त्या माणसाला खरंच वाटत होतं, की साध्या कोटात मागितलेली क्षमा पोचायची नाही.

मी त्यांना तिथेच टाकून परत आलो. मार्थाबाईचा श्वास आता वर लागला होता. मी तिच्या कानाशी सांगितलं, "येतायत. निघालेत." तिने डोळ्यांनीच बरं म्हटलं.

पुढचं मला नंतर बाजारातल्या लोकांकडून कळलं. ऊन रणरणत होतं, आणि याकोबराव बारदान घालून, डोक्यावर राख, अनवाणी मोर्णा नदीचा पूल ओलांडून येत होते. पण या अवतारात शेठला पाहून लोक सोडतायत का? जो तो विचारी, "अजी, काय झालं?" आणि याकोबराव प्रत्येकासाठी थांबत, पहिल्यापासून सांगत, "बहिनीची माफी मांगाले चाललो. म्या गर्विष्ठ मानूस." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, की पुढे. हमाल मागे निघाले, मापाडी निघाले, रिकामटेकडे निघाले. मंडळीतल्या कोणीतरी चर्चमधलं गायन उचललं.

ते गायन आवाराच्या फाटकाशी आलं, तेव्हा मार्थाबाईने डोळे उघडले. "वरात कोनाची?"

"याकोबराव आले," मी म्हणालो. "पायी आलेत. अनवाणी."

"ह्या उन्हात?" तिच्या कपाळाला आठी पडली. "येडा कुठचा. पाय भाजले असतीन त्याचे. मास्तर, पानी काढून ठेवा, त्याच्या पायावर टाकाले." मी बादली भरून आणायला गेलो. परत आलो तेव्हा ती गेलेली होती.

तेवढ्यात ते दारात आले. मागे सगळा जमाव. त्यांनी उंबऱ्यावर गुडघे टेकले, डोळे मिटले, हात जोडले आणि मोठ्या आवाजात सुरुवात केली. "बाई, म्या नीच मानूस. म्या धनानं आंधळा झालो..." वाटेत घोटून घोटून ते सगळं पाठ झालं होतं. विहीर आली, दगड आला, दर रविवारची क्षमा आली. एक शब्द खोटा नव्हता. मी बादली हातात धरून उभा होतो, आणि मला त्यांना थांबवता येईना. शेवटी मी बादली खाली ठेवली आणि त्यांच्या खांद्याला हात लावला.

"याकोबराव, डोळे उघडा हो. बाई गेल्या."

त्यांनी डोळे उघडले. खाटेकडे पाहिलं. मग मागे वळून त्या लोकांकडे पाहिलं, जणू इतकी माणसं इथे कशी हे त्यांना कळत नव्हतं. लोक एकेक करून निघून गेले.

मी म्हटलं, "पाय पुढे करा. बाईंनी पाणी टाकायला सांगितलंय." तळव्यांना फोड आले होते. पाणी पडताच ते कळवळले आणि ओठ घट्ट मिटून बसले. रडले नाहीत. रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्यांनी साक्ष देणं सोडलं. चर्चमध्ये जागा असेल तिथे बसू लागले, म्हातारा गाडीवान मागे खोकत राहिला. मंडळी म्हणू लागली, याकोबराव आता खरे नम्र झाले. मला ते ऐकवत नसे.

एका दुपारी शाळा सुटल्यावर घरी आलो, तर बाईच्या कुलूप लावलेल्या खोलीपुढे ते बसलेले दिसले. भर उन्हात, डोक्यावर काही नाही.

"इथे काय करताय?" मी विचारलं.

"काई नाई, मास्तर." त्यांनी वरही पाहिलं नाही. "बाजारात सारे सलाम करतात. पाळकसाहेब गोड बोलतात. घरचे नौकर भेतात. मले रागवाले कोनी उरलं नाई."

मी हातातली वह्यांची चळत ओट्यावर आपटली.

"उठा आधी!" मी खेकसलो. "डोकं फिरलंय का तुमचं? या वयात उन्हात बसतात का असं? चला, उठा म्हणतो ना!"

याकोबराव ताबडतोब उठले, धोतर झटकलं, आणि खाली मान घालून माझ्या मागोमाग सावलीत आले.