हजेरी क्रमांक वीस

"मॅडम, तुम्ही फक्त सही करा. नियम बघायला मी बसलोय ना!"

एवढं बोलून हेडक्लार्कसाहेबांनी टेबलावर अशी थाप मारली की प्राचार्यबाईंचा चहा कपातून बशीत आला. सव्वीस वर्षं नोकरी झालेला माणूस! अख्खं कॉलेज त्यांना नियमराव म्हणायचं आणि ती त्यांना पदवीच वाटायची. ऑफिसच्या खिडकीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती, 'विद्यार्थ्यांसाठी खिडकी चारला बंद.' चार म्हणजे चार! मागच्या वर्षी चार वाजून दोन मिनिटांनी एक मुलगी फॉर्म घेऊन धापा टाकत आली. हात जोडले, गयावया केली, पण नियमरावांनी खिडकी लावली ती लावलीच. मुलगी कोण? त्यांची सख्खी भाची, त्यांच्याच घरी राहणारी! त्या रात्री जेवताना ती मामाशी एक अक्षर बोलली नाही. नियमरावांना मात्र स्वतःचा फार अभिमान वाटला.

तर आता पत्र आलं होतं राज्याच्या विद्यार्थी मदत कार्यालयाचं. मुलांना सरकारी मदत हवी असेल तर आधी त्यांचं कॉलेज पात्र हवं. गेल्या पाच वर्षांत ज्यांचा अभ्यासक्रम संपायला हवा होता, त्यांच्यातले शंभरात सत्तर तरी पास होऊन बाहेर पडलेले हवेत. आकडे शुक्रवारी पाचच्या आत पाठवा, नाहीतर कॉलेज यादीतून बाहेर. आणि कॉलेज बाहेर म्हणजे मदतीवर शिकणारी पोरंही बाहेर!

"सत्तर काय, आपले ऐंशी निघतील," नियमराव म्हणाले आणि आकडेमोड करायला बसले.

दुपारी तीनला त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एकूण मुलं एक हजार. पास सहाशे शहाण्णव!

चार कमी. फक्त चार! नियमरावांनी बेरीज वरून खाली केली, खालून वर केली. उठले, पाणी प्यायले, बसले, परत उठले. त्यांना भाचीचा चेहरा दिसायला लागला. पोरीला वडील नाहीत. मदत मिळत होती म्हणून शिकत होती, शेवटचं वर्ष होतं, वर्गात पहिली. मदत थांबली की शिक्षण थांबलं, इतकं सरळ होतं ते.

संध्याकाळी तिनं विचारलंच, "मामा, पाय का हलवताय एवढा? टेबल चालायला लागलंय."

"काही नाही."

"मदतीचं काही आहे का? वर्गात सगळे बोलतायत."

"अगं, मी असताना तुला कसली काळजी?" असं म्हणून नियमरावांनी मीठ समजून वाटीभर साखर आमटीत घातली.

रात्रभर कूस बदलता बदलता त्यांना कलम नऊ आठवलं! ज्यांचा एकच विषय राहिलाय, त्यांची कॉलेज खास परीक्षा घेऊ शकतं. सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात जाऊन त्यांनी कॉम्प्युटर उघडला. एकच विषय राहिलेली माणसं बरोब्बर चार!

पहिला आता शिंपी झाला होता. नियमराव दुकानात शिरले तेव्हा तो गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेत होता.

"उद्या अकराला अर्थशास्त्राचा पेपर!" नियमराव ओरडले.

शिंप्याच्या हातातली टेप गळून पडली. "साहेब, हे असलं स्वप्न मला अजून पडतं हो! जागेपणी नका सांगू."

दुसरा ट्रक चालवायचा. त्याला नियमरावांनी पेट्रोल पंपावर गाठला आणि सरळ केबिनमध्ये चढून बसले. "परीक्षेला येतो म्हण, तरच उतरतो!" तिसरी होती एक बाई, कडेवर नऊ महिन्यांचं बाळ. "येते की, पण ह्याला कोण धरणार?" ती म्हणाली. नियमरावांनी छाती पुढे काढली.

बुधवारी अकरा ते दोन नियमरावांनी बाळ धरलं. बाळानं पहिल्या तासात त्यांचा चष्मा घेतला, दुसऱ्या तासात पेन, आणि तिसऱ्या तासात शर्टाची जी अवस्था केली ती न सांगितलेली बरी. आत शिंपी, ट्रकवाला आणि बाई लिहीत होती, बाहेर नियमराव व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बाळाला झोके देत खिडकीतून ओरडत होते, "लिहा, लिहा! कोरं काही सोडू नका!" संध्याकाळी तिघंही पास! सहाशे नव्व्याण्णव!

राहिला एक. आणि ह्या एकानंच जीव खाल्ला.

कॉम्प्युटरवर त्याचं नावच नव्हतं. संध्याकाळच्या जुन्या वर्गाची नावं कॉम्प्युटर बदलताना उडाली होती. एवढंच दिसत होतं: हजेरी क्रमांक वीस. टायपिंग, पास. कार्यालय व्यवस्थापन, गैरहजर. पत्ता, कॉलेजचं ऑफिस.

"बघा मॅडम!" नियमराव कडाडले. "हा कोण दिवटा आहे? एक विषय राहिला आणि पेपरलाच आला नाही! असल्यांमुळे कॉलेज बुडतात!"

"प्रवेशाच्या रजिस्टरात नाव असेल की," प्राचार्यबाई म्हणाल्या.

"ते रजिस्टर जरा अडकलंय," नियमराव घाईघाईनं म्हणाले. ते रजिस्टर रेकॉर्डच्या लोखंडी कपाटाच्या मोडक्या पायाखाली होतं. तिथं ते त्यांनीच सरकवलं होतं, चार वर्षांपूर्वी, 'तात्पुरतं'. "आणि रजिस्टर कशाला हवंय? पत्ता आहे ना! ऑफिसच्या पत्त्यावर राहतो कोण? वॉचमन!"

वॉचमनची खोली ऑफिसच्या मागेच होती. तो बिचारा कुलूप पुसत बसला होता.

"काय हो, परीक्षेला का आला नाहीत?"

"कुठल्या परीक्षेला, साहेब?"

"कार्यालय व्यवस्थापनाच्या! हजेरी क्रमांक वीस!"

"साहेब, मी सातवीतून शाळा सोडली."

"रेकॉर्डला तुम्ही टायपिंग पास आहात."

"मला टायपिंग येत नाही हो!"

"रेकॉर्डला येतं म्हणजे येतं!"

वॉचमन थोडा वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मग पास झालो तेव्हा मला कुणी कळवलं का नाही?" आणि धावत आत जाऊन बायकोला सांगून आला.

गुरुवारी नियमरावांनी ऑफिसची सगळी कामं बाजूला सारली आणि वॉचमनला शिकवायला घेतलं. सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत! पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीतून आणलं. नियमरावांनी ते पहिल्यांदाच उघडलं होतं, पण तसं त्यांनी दाखवलं नाही. वाचून वॉचमन दाखवायचा, नियमराव मान डोलवायचे.

"'महत्त्वाची कागदपत्रं कधीही कपाटाच्या आड, खाली वा मागे ठेवू नयेत,'" वॉचमननं वाचलं. "बरोबर आहे का, साहेब?"

"पुढे चला, पुढे चला!"

संध्याकाळपर्यंत वॉचमनला पुस्तक पाठ झालं. माणूस एकपाठी निघाला! नियमराव मात्र एकेक पान खिडकीबाहेर डोकावत, घड्याळ बघत, उठबस करत ऐकत होते, त्यांना आलं तेवढंच आलं.

शुक्रवारी सकाळी भाची स्वतःच ऑफिसात आली. खिडकीतून नाही, दारातून. तिचा चेहरा उतरला होता.

"मामा, तुम्ही वॉचमनदादांना पेपरला बसवणार म्हणे. त्यांनी प्रवेश घेतला होता, हे कुणी बघितलंय का? खोटा माणूस बसवला तर अख्खं कॉलेज बाद होईल. तुमचंच कलम सहा!"

नियमराव खुर्चीत मटकन बसले. खरंच की! "पण रजिस्टर कपाटाखाली आहे गं."

"मग काढू या."

नियमरावांनी कपाट खांद्यानं रेटून धरलं, वॉचमननं दुसरी बाजू पकडली, भाचीनं रजिस्टर ओढलं. आधी इंचभर, मग दोन इंच, आणि मग एकदम! कपाटानं एक लांब कुरकुर केली, दार उघडलं, आणि सव्वीस वर्षांच्या फायली नियमरावांच्या डोक्यावर कोसळल्या. फायलींच्या ढिगातून फक्त त्यांचे बूट दिसत होते.

"मामा!"

"मी ठीक आहे! नाव वाच!"

भाचीनं धूळ झटकली, पान उलटलं. आणि तिचा आवाज बदलला. "संध्याकाळचा वर्ग. हजेरी क्रमांक वीस." तिनं ओळीवर बोट ठेवलं. "मामा, अक्षर तुमचं आहे."

"सगळं रजिस्टर मीच लिहिलंय! नाव सांग!"

"नावही तुमचंच आहे."

ढिगातले बूट हलायचे थांबले. मग हळूहळू नियमरावांना आठवलं. चार वर्षांपूर्वी संध्याकाळचा वर्ग सुरू करायला वीस नावं लागत होती, जमली एकोणीस. तेव्हाचे प्राचार्य म्हणाले होते, "तुमचं नाव घाला ना." घातलं. टायपिंगची परीक्षा बसल्या जागी दिली. आणि कार्यालय व्यवस्थापनाच्या दिवशी ते म्हणाले होते, "मला कोण शिकवणार कार्यालय व्यवस्थापन?"

"म्हणजे साहेब," वॉचमन म्हणाला, "तो दिवटा..."

"कळलं मला!" ढिगातून आवाज आला.

पेपर बाराला ठेवला. शिक्षक कमी पडले म्हणून प्राचार्यबाईंनी देखरेखीला वॉचमनलाच बसवलं. नियमराव पहिल्या बाकावर, कपाळावर चिकटपट्टी. पहिलाच प्रश्न, 'कार्यालयातील जुने अभिलेख कसे जतन करावेत?' नियमरावांनी वर बघितलं. वॉचमनचे ओठ हलत होते. त्याला अख्खं उत्तर येत होतं!

"अहो," नियमराव पुटपुटले, "काल ते काय होतं, ओलावा आणि वाळवी..."

"साहेब, कलम सहा!" वॉचमन गंभीरपणे म्हणाला. "आपल्या भाचीचा प्रश्न आहे. तुमचं तुम्ही लिहा."

नियमराव घामाघूम झाले. पेन चावलं, बाक बदलला, तीनदा पाणी मागितलं. पण भाचीचा उतरलेला चेहरा आठवला की परत खाली मान घालून लिहायचे. त्यांनी कोरं काही सोडलं नाही.

प्राध्यापकांनी तिथंच पेपर तपासला. चाळीसला पास. नियमरावांना चाळीस! बरोब्बर चाळीस! सातशे! गुणपत्रिका हातात धरून ते ऑफिसकडे पळत सुटले. नोंद करायची, पाचच्या आत पाठवायची. आणि समोर बघतात तर खिडकी बंद. दाराला कुलूप. घड्याळात चार वाजून दोन मिनिटं! वॉचमन पेपर सोपवून आधीच येऊन पोचला होता, आणि स्टुलावर बसला होता.

"उघडा!"

"चारला बंद, साहेब. पाटी तुमचीच आहे."

"अहो, मी हेडक्लार्क!"

"आज तुम्ही हजेरी क्रमांक वीस. पाटीवर 'विद्यार्थ्यांसाठी' लिहिलंय."

नियमरावांनी हात जोडले. "दादा, दोनच मिनिटं झालीत हो! कुणाचं तरी शिक्षण अडलंय!"

बोलले आणि त्यांचा त्यांनाच आवाज ओळखीचा वाटला. मागे वळून बघितलं तर भाची उभी होती, वही छातीशी धरून. नियमरावांची मान खाली गेली. त्यांनी हात वर केला, पाटी खिळ्यावरून काढली आणि काखेत मारली.

वॉचमननं कुलूप उघडलं. चार वाजून पन्नास मिनिटांनी आकडे गेले, आणि चार छप्पन्नला उत्तर आलं: कॉलेज पात्र! भाचीनं मामाच्या गळ्यातच हात टाकले. प्राचार्यबाईंनी चहा मागवला. वॉचमननं पुढच्या संध्याकाळच्या वर्गाचा फॉर्म मागितला, आणि नियमरावांनी पाच वाजून दहा मिनिटांनी तो त्याला खिडकीतून दिला!

घरी जाताना भाचीनं गुणपत्रिका पुन्हा एकदा बघितली. "पण मामा, सव्वीस वर्षं ऑफिस चालवून चाळीसच?"

नियमरावांनी चिकटपट्टी चाचपली.

"अगं, नियमात चाळीसच लागतात," ते म्हणाले. "आणि मी जन्मात कधी नियमापेक्षा जास्त काही केलंय का?"